सड्यावरचा फेरफार: हरकतीपासून प्रांतांच्या निकालापर्यंत

गेल्या वर्षभरात आसपासच्या गावांतून बरेच फोन आले. सगळ्यांचा प्रश्न एकच: फेरफारावर, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलायच्या नोंदीवर, हरकत नेमकी घ्यायची कशी? प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढतो. आमचं गाव दक्षिण कोकणातलं. गावाचं, तालुक्याचं आणि समोरच्या पार्टीचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण अजून पुरतं मिटलेलं नाही. मी वकील नाही. कल्याणला एका छापखान्यात हिशेब बघतो आणि गणपती-शिमग्याला गावी जातो, एवढीच माझी पात्रता.

जमीन म्हणाल तर सडा. वाडीच्या डोक्यावरचा कातळ, २१ हेक्टर ६० आर, बहुतेक पोटखराब, म्हणजे लागवडीला न येणारा. सातबारा एकच, त्यावर सामाईक कंसात, म्हणजे हिस्से वेगळे न पाडता, चाळीसच्या वर नावं, आणि त्यातली निम्मी माणसं देवाघरी गेलेली. पावसात गुरं तिथे चरतात, दिवाळीनंतर गवत कापलं जातं, आणि सड्यात मुरलेलं पाणी पूर्वेच्या अंगाला पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, उतरतं. वाडीच्या नळाला पाणी येतं ते त्याच झऱ्याचं. एरवी त्या कातळाला कोणी विचारत नव्हतं. मग रस्त्याची आणि प्रकल्पाची बोलणी सुरू झाली. नाणार-बारसूच्या रिफायनरीच्या बातम्या ऐकलेल्या कोणालाही पुढचं सांगायला नको. प्रकल्प येवो न येवो, आधी एजंट येतात. भूसंपादन झालंच तर मोबदला सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळतो, आणि ते नाव लावून घ्यायची घाई सगळ्यात आधी बाहेरच्यांना असते.

मार्च २०२३, शिमगा. पालखी घरोघर फिरत होती, म्हणून मुंबईकर सगळे गावातच होते. गुरं घेऊन गेलेल्या एका काकांनी सांगितलं की सड्यावर कोणीतरी दगडांना लाल रंग फासून गेलंय. कोणी फारसं मनावर घेतलं नाही. "आरं, सडा काय कोन उचलून न्हेतो काय?" असंही झालं. माझ्या चुलतभावाच्या मुलाने मात्र फोनवर 'आपली चावडी' उघडली. भूमी अभिलेखच्या या साइटवर जिल्हा, तालुका, गाव निवडलं की गावात धरलेले ताजे फेरफार दिसतात: क्रमांक, प्रकार, गट नंबर आणि हरकतीची शेवटची तारीख. पैसे लागत नाहीत, लॉगिन लागत नाही. आमचा गट तिथे होता. प्रकार खरेदी, हरकतीची मुदत २१ मार्च. तो दिवस होता ९ मार्च, गुरुवार.

महसूल कायद्याच्या कलम १५० प्रमाणे फेरफार धरल्यावर तलाठ्याने हितसंबंधितांना नोटीस द्यायची असते आणि हरकतीला पंधरा दिवस मिळतात. आमच्या नोटिसा निघाल्या होत्या, पण कोणाच्या नावाने? सातबाऱ्यावरच्या नावांनी. काही कायमचे गेलेले, काहींपुढे 'मुंबईस' असा शेरा. त्या चाळीसपैकी गावात राहणाऱ्या दोघा-तिघांच्या सह्या घेतल्या गेल्या, आणि त्यांना वाटलं कसली तरी सरकारी योजना असेल.

शुक्रवारी तालुक्याला जाऊन दुय्यम निबंधकाकडे खरेदीखताच्या नकलेचा अर्ज टाकला. ई-सर्चवर सूची क्रमांक दोन, म्हणजे आपण इंडेक्स टू म्हणतो ती दस्ताची थोडक्यातली नोंद, फुकट बघता येते. त्यावरून दस्त क्रमांक मिळाला. शनिवार-रविवार कचेऱ्या बंद. रविवारी देवळात बैठक बसली आणि अर्ज लिहिला. सोमवारी सजावर, म्हणजे तलाठ्याच्या कचेरीत, गेलो तर तलाठी दुसऱ्या गावच्या सजावर, त्यांच्याकडे तीन गावं. फोनवर म्हणाले, "लेखी द्या, उद्या या." (कायद्यात हरकत तोंडीही चालते आणि तिची पोच देणं तलाठ्याचं काम आहे. पण तोंडी हरकतीच्या भरवशावर कोणी राहू नये.) उद्या म्हणजे १४ मार्च. त्या दिवसापासून राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा जुन्या पेन्शनसाठी संप सुरू झाला. सजा बंद, तहसीलमधली बहुतेक टेबलं रिकामी.

त्या आठवड्यात पोटात गोळा आला होता, खोटं कशाला बोलू. मुदत २१ला संपणार आणि अर्ज घ्यायला माणूस नाही. शेजारच्या गावातल्या निवृत्त अव्वल कारकुनांनी मार्ग सांगितला: पोस्ट केंद्राचं, ते चालू आहे. तलाठी, मंडळ अधिकारी आणि तहसीलदार, तिघांना रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह अर्ज पाठवले आणि तहसीलच्या ईमेलवरही टाकला. संप २० तारखेला मिटला. २१ला सकाळी कचेरी उघडायच्या आधी आम्ही दारात. आवक-जावकला अर्ज दिला, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतला. २२ला पाडवा होता, म्हणजे तो दिवस हुकला असता तर संपलं असतं. पुढे समोरच्या वकिलांनी हरकत मुदतीबाहेरची आहे असं म्हणून पाहिलं, तेव्हा तो शिक्का आणि १४ तारखेची पोस्टाची पावती कामाला आली.

अर्ज लांबलचक लिहू नका. आमचा दीड पानाचा होता: गाव, गट नंबर, फेरफार क्रमांक, आम्ही सहहिस्सेदार कसे, हरकतीची कारणं एकाखाली एक, आणि 'आम्हाला ऐकल्याशिवाय नोंद प्रमाणित करू नये' ही विनंती. सोबत डिजिटल सहीचा सातबारा (ऑनलाइन पंधरा रुपयांत मिळतो), आठ-अ (खातेउतारा) आणि सह्या करणाऱ्यांची आधारकार्डं. 'आमच्यावर अन्याय झाला' वगैरे मजकूर मी हौसेने लिहिला होता, तो अव्वल कारकुनांनी लाल पेनने उडवला.

खरेदीखताची नकल हातात आली आणि खरा खेळ कळला. आमच्याच भावकीतलं एक घर, आजोबांच्या चुलत्याची शाखा. तीन भाऊ, एक बहीण, चौघांचा मिळून सोळा आण्यांतला दोन आणे हिस्सा, म्हणजे सगळ्या गटातले २ हेक्टर ७० आर. थोरल्या दोन भावांनी विकलं होतं. तिसरा वापीला, त्याने सही केलेली नाही. बहिणीच्या वतीने कुलमुखत्यार म्हणून एजंटची सही. दोघा भावांचा हिस्सा १ हेक्टर ३५ आर भरतो; दस्तात लिहिलेलं क्षेत्र ५ हेक्टर. वर चतुःसीमा घातलेल्या: पूर्वेस पऱ्या, दक्षिणेस रस्ता. ज्या जमिनीचं कधी वाटपच झालं नाही तिला चतुःसीमा येतात कुठून? झरा आणि रस्ता दोन्ही बरोबर आत घेतलेले. आणि फेरफार असा की सामाईक कंसातून तेवढं क्षेत्र बाहेर काढून खरेदीदाराच्या नावे वेगळं लावायचं.

दस्ताच्या शेवटच्या पानांत एक छापील घोषणापत्र असतं, ते बहुतेक जण उलटून पुढे जातात. मुखत्यार त्यात लिहून देतो की कुलमुखत्यारपत्र रद्द झालेलं नाही आणि ते लिहून देणारी व्यक्ती मयत नाही. खाली निळ्या शाईत एजंटची सही, तारीख जानेवारी २०२३. ती आमची आत्या मे २०२१मध्ये करोनात गेली होती. मी स्वतः तिच्या बाराव्याचा फोन घेतला होता. मुखत्यारपत्र २०१९चं, 'सातबाऱ्याची कामं करायला' म्हणून तिच्याकडून घेतलेलं. लिहून देणारा माणूस गेला की मुखत्यारपत्रही गेलं, एवढं साधं आहे. तिच्या मुलांना यातलं काही माहीत नव्हतं. मृत्यूचा दाखला त्यांनीच दिला आणि पोलिसांत फसवणुकीची तक्रारही त्यांनीच केली. तिचा तपास त्याच्या गतीने चाललाय.

ज्यांनी विकलं त्यांतल्या एका दादाला भेटायला नालासोपाऱ्याला गेलो. भांडायचं ठरवून गेलो होतो. दादा म्हणाला, "तू राहतोस का गावाला? मग तुला काय एवढं त्या कातळाचं?" मुलीचं लग्न काढलेलं, भाड्याचं घर, आणि आयुष्यात त्या जमिनीतून एक रुपया कधी आलेला नाही. एजंट घरी येऊन रोख इसार देऊन गेला. दस्तातल्या चतुःसीमा त्याने वाचल्याच नव्हत्या. मी पान उघडून दाखवलं तेव्हा चष्मा काढून बराच वेळ बघत बसला. गावात त्याला गद्दार म्हणणारे आहेत, मला ते पटत नाही. त्याचा हिस्सा विकायचा त्याला हक्क आहे. दुसऱ्यांचा हिस्सा त्याच्या सहीखाली घातला गेला, भांडण त्याच्याशी नाही. पुढे वर्षभराने त्याने प्रतिज्ञापत्र करून दिलं की आपण फक्त आपला अविभक्त हिस्सा विकला, ठरावीक तुकडा दाखवून दिलेला नाही. त्या दिवशी भांडून उठलो असतो तर तो कागद मिळाला नसता.

एक वाट फुकट गेली तीही सांगतो. कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. खरेदीदाराचा शेतकरी दाखला बोगस असणार, अशी गावाची खात्री. माहिती अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट; महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, नाहीतर परत येतो. तीस दिवस वाट पाहिली, उत्तर आलं, दाखला खरा निघाला. मराठवाड्यात त्याची शेती होती. काही जणांचं तोंड आठवडाभर पडलेलं होतं.

१ मेच्या ग्रामसभेत ठराव घेतला. ग्रामसभेच्या ठरावाने मालकी सिद्ध होत नाही, हे आधीच सगळ्यांना सांगून ठेवलेलं बरं. पण सडा सगळी वाडी वापरते, पाण्याची योजना त्यावर आहे, हे सरकारी कागदावर येतं.

मंडळ अधिकाऱ्यांपुढे पहिली तारीख १८ मे २०२३. हरकत आली की नोंद गाव नमुना सहा-अ मध्ये, म्हणजे विवादग्रस्त नोंदवहीत जाते आणि सुनावणी होते. कायदा म्हणतो एका वर्षात निकाल द्या. समोरच्या वकिलांनी मुदत मागितली. मग पाऊस, मग साहेबांची दुसरीकडची ड्यूटी, मग पुन्हा मुदत. तारखेला जाऊन साहेब नसले तरी तसेच परत फिरू नका. हजर असल्याचं रोजनाम्यात, म्हणजे प्रकरणाच्या तारखांच्या नोंदीत, लिहून घ्या, सही करा. ज्या तारखेला तुम्ही आला होतात आणि समोरचे नव्हते, ती पुढे वकिलाला लागते. आणि म्हणणं लेखी द्या. तिथे तोंडाने बोललेलं हवेत जातं.

मुंबई मंडळाची, म्हणजे गावच्या मुंबईकरांच्या मंडळाची, बैठक परळला एका शाळेत झाली, आणि खरं सांगायचं तर कचेरीपेक्षा ती जड गेली. प्रत्येक घराकडून हजार रुपये वर्गणी ठरली. कोणी म्हणालं आम्हाला सड्यात हिस्साच किती, कोणी पंधरा वर्षांपूर्वीचं बांधाचं भांडण उकरून काढलं, एकाने तर सरळ विचारलं की सगळ्यांनी मिळून चांगल्या भावाला विकून टाकलं तर काय वाईट. प्रश्न चुकीचा नव्हता. एक आजोबा उठले. त्यांनी खोती, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोताचा अंमल, बघितलेली. म्हणाले, "खोताला निदान आम्ही ओळखत होतो, त्याच्या दारात जाऊन बसता यायचं. हा कोन हाय?" १९४९च्या कायद्याने खोती गेली आणि त्यांच्या वडिलांचं नाव पहिल्यांदा कागदावर आलं, ते त्यांना गट नंबरासकट पाठ होतं. वर्गणी जमली. सगळ्यांची नाही.

३० नोव्हेंबर २०२३ला निकाल आला: हरकत फेटाळली, नोंद प्रमाणित. कारण एका ओळीचं. दस्त नोंदणीकृत आहे, तो रद्द करण्याचा अधिकार दिवाणी न्यायालयाला आहे. मेलेल्या बाईच्या सहीबद्दल अक्षर नाही. गावात दोन दिवस कोणी कोणाशी धड बोललं नाही. मला निकालापेक्षा त्या गप्पपणाची जास्त भीती वाटली, कारण एजंटची माणसं तेव्हाच घरोघर 'आता तुम्हीही देऊन टाका' म्हणत फिरायला लागली होती.

अशा निकालावर प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, कलम २४७ खाली अपील होतं. मुदत साठ दिवस, आणि नकल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात. म्हणून नकलेचा अर्ज निकाल कळल्याच्या दिवशीच टाका. ८ जानेवारी २०२४ला अपील दाखल केलं, सोबत स्थगितीचा अर्ज वेगळा. अपील केलं म्हणजे स्थगिती आपोआप मिळते असा बऱ्याच जणांचा समज असतो, तसं नाही. इथून पुढे वकील केला. वकील निवडताना आम्ही एकच बघितलं, महसुली कामं रोज करणारा हवा. पहिल्याच भेटीत त्यांनी आमचा मुद्दा बदलला. 'दस्त खोटा' हे प्रांतांना ठरवता येत नाही, त्यावर जोर नको. जोर यावर द्या: सामाईकातला तुकडा वेगळा काढायचा तर कलम ८५ प्रमाणे रीतसर वाटप लागतं, फेरफाराने वाटप होत नाही, आणि मयताच्या नावाने आलेल्या व्यवहाराची खातरजमा न करता नोंद प्रमाणित केली. वापीच्या भावालाही त्यांनी एक गोष्ट सांगितली. वारसांपैकी कोणी वडिलार्जित हिस्सा विकत असेल तर बाकीच्या वारसांना तो आधी घ्यायचा हक्क हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ने दिलाय, आणि तो शेतजमिनीलाही लागू आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये म्हटलंय. पण तो दिवाणी दाव्यातून आणि वेळेत मागावा लागतो.

जानेवारीच्या शेवटी जेसीबी आला. चिऱ्यांचे दोन ट्रक, कंपाउंडचं काम, पऱ्याच्या तोंडाशी चर मारायला सुरुवात. वाडीतल्या बायका आधी पोचल्या आणि जेसीबीपुढे बसून राहिल्या. पोलिसांनी दोन्हीकडचं ऐकून 'दिवाणी स्वरूपाची बाब' म्हणून समजपत्र दिलं. तेव्हा राग आला होता, पण त्या दिवशी कोणी दगड उचलला नाही हे फार बरं झालं. एकदा का गावातल्या पोरांवर गुन्हे लागले की जमीन राहते बाजूला आणि जामिनाच्या तारखा सुरू होतात. फोटो मात्र भरपूर काढा, तारीख-वेळेसह, मागे ओळखीची खूण येईल असे. त्याच फोटोंवर तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात मनाईचा दावा घातला आणि मार्चमध्ये 'जैसे थे'चा आदेश मिळाला. प्रांतांची स्थगिती त्याआधी फेब्रुवारीत आली होती. जेसीबी गेला; चिरे अजून तिथेच आहेत, त्यांवर शेवाळ चढलंय.

१६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि प्रांत कार्यालय निवडणुकीत बुडालं. आमच्याकडे ७ मेला मतदान झालं. सुनावणी जुलैत पुन्हा लागली, ऑगस्टमध्ये युक्तिवाद, आणि २७ सप्टेंबर २०२४ला निकाल: मंडळ अधिकाऱ्यांचा आदेश रद्द, फेरफार रद्द. हयात विक्रेत्यांच्या अविभक्त हिश्शापुरतीच नोंद, तीही सामाईक कंसातच, वारसांची खात्री करून घ्यावी. मालकीचा वाद असल्यास दिवाणी न्यायालयात जावं.

पेढे वाटले, पण वकिलांनी तिथेच जमिनीवर आणलं. फेरफार म्हणजे मालकी नव्हे, तो रद्द झाला म्हणजे खरेदीखत रद्द झालं असं नाही. खरेदीदार आता आमचा कायदेशीर सहहिस्सेदार आहे, दोन भावांच्या हिश्शापुरता, आणि रीतसर वाटप मागायचा त्याला हक्क आहे. तो वर अपिलातही गेलाय.

खर्चाचा हिशेब मंडळाच्या वहीत आहे: वकील, प्रांतांकडचं आणि दिवाणी कोर्टातलं काम मिळून, ६५ हजार, नकला, कोर्ट फी, टायपिंग आणि प्रतिज्ञापत्रं साधारण ११ हजार, गावातल्या म्हाताऱ्या माणसांना तारखेला न्यायचं रिक्षाभाडं ६ हजार. मुंबईकरांनी आपापलं तिकीट आपणच काढलं. कचेरीत कोणी पैसे मागितले नाहीत.

यातलं एकच काम करायचं असेल तर वारस नोंद करा. सातबाऱ्यावर मेलेली माणसं ठेवली म्हणजे नोटीस त्यांनाच जाते. ई-हक्क प्रणालीवरून अर्ज घरबसल्या होतो. मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र लागतं. एप्रिल २०२५मध्ये सरकारची जिवंत सातबारा मोहीम आली, तेव्हा आम्ही वाडीत टेबल टाकून बसलो आणि आत्याच्या मुलांपासून सुरुवात केली. कंसातली नावं आता शंभरच्या पुढे गेलीत, सातबारा आणखी लांबला. वापीच्या भावाच्या दोन्ही मुली आता त्यावर आहेत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी 'आपली चावडी' बघायचं काम त्यातल्या धाकटीने घेतलंय. काही दिसलं तर मंडळाच्या ग्रुपवर टाकते, नाही दिसलं तरी 'काही नाही' म्हणून टाकते.